छोटा गेमिंग पीसी कमी बजेटमध्ये: पार्ट कसे निवडावेत

ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात वन-बीएचकेच्या हॉलमध्ये टेबलाच्या वाट्याला जेमतेम तीन फूट येतात. त्यावर मॉनिटर, कीबोर्ड आणि घरातल्या कुणाचा तरी ऑफिसचा लॅपटॉप. मोठा टॉवर मावत नाही, म्हणून पीसी छोटा हवा. खिशातले पैसेही मोजकेच. या दोन अटी एकमेकींना छेद देतात हे आधीच लक्षात घ्या, कारण सगळ्यांत छोटे पार्ट सगळ्यांत महाग असतात. बजेट सांभाळायचं तर 'जागेत बसेल इतपतच छोटा' पीसी जुळवायचा, त्याहून छोटा नाही. निवडीचा क्रमही त्यामुळे उलटा होतो. आधी जागा, मग कॅबिनेट, मग ग्राफिक कार्ड आणि त्यानंतर प्रोसेसर.

पायरी १: टेप घेऊन जागा मोजा

लांबी, रुंदी, उंची तिन्ही मोजा. मागच्या बाजूला एचडीएमआय आणि पॉवर केबलसाठी १० सेंमी सोडा आणि जाळी असेल त्या बाजूला किमान ५ सेंमी. उरलेल्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून दोन दिवस टेबलावर ठेवून बघा. माउसचा हात अडतो का, खिडकी उघडते का, ते लगेच कळतं. कपाटाच्या बंद खणात पीसी ठेवायचा बेत असेल तर सोडून द्या. तिथे गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते.

कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात. तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि १००० ने भागायचं. २० × ३५ × ३० सेंमीचं कॅबिनेट म्हणजे २१ लिटर. नेहमीचा टॉवर ४० ते ५० लिटरचा असतो.

पायरी २: कॅबिनेट आणि बोर्ड (मदरबोर्ड) एकत्रच ठरवा

इथे बजेट वाचतं किंवा बुडतं. १० लिटरच्या आसपासच्या कॅबिनेटमध्ये मिनी-आयटीएक्स बोर्ड लागतो (१७० × १७० मिमी), बहुतेक वेळा एसएफएक्स मापाचा छोटा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) लागतो आणि काही कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्डासाठी रायझर केबलही (कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडवायर). यातली प्रत्येक वस्तू तिच्या मोठ्या भावंडापेक्षा महाग. त्याच चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) मिनी-आयटीएक्स बोर्ड बरेचदा दीडपट किमतीला जातो आणि एसएफएक्स एसएमपीएस तर दुपटीच्या घरात. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ × २४४ मिमीचा असतो. म्हणजे साडेसात सेंटिमीटर वाचवायला जे पैसे मोजता, तेवढ्यात ग्राफिक कार्ड एक पायरी वरचं येतं. म्हणून सरळ सल्ला असा: २० ते २५ लिटरचं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट घ्या, ज्यात साधा एटीएक्स एसएमपीएस बसतो. रोज बॅगेत घालून न्यायचा नसेल तर त्याहून लहानाच्या मागे लागू नका.

कॅबिनेट पसंत पडलं की त्याच्या माहितीपत्रकातले तीन आकडे लिहून घ्या: ग्राफिक कार्डाची कमाल लांबी, सीपीयू कूलरची कमाल उंची, एसएमपीएसची कमाल लांबी. पुढची सगळी खरेदी या तीन आकड्यांच्या आत.

या आकड्यांतही खाचाखोचा आहेत. कार्डाची लांबी बहुधा समोर पंखा नसताना मोजलेली असते. पंखा लावला की त्याची जाडी, म्हणजे २५ मिमी, वजा करा. एसएमपीएसच्या लांबीत केबल वळायची जागा धरलेली नसते, त्यासाठी निदान ३० मिमी हवेत. अरुंद कॅबिनेटमध्ये आणखी एक त्रास होतो. कार्डाच्या वरच्या कडेला ८ पिनची पॉवर वायर खोचली की ती बाजूच्या पॅनेलला टेकते. पॅनेल जोर लावून बसवलं तर कनेक्टर तिरका होतो, आणि सैल कनेक्टर तापतो. म्हणून कार्डाच्या रुंदीनंतर पॅनेलपर्यंत तीनेक सेंटिमीटर उरतात का ते बघा. काचेचं पॅनेल दिसायला छान, पण समोरची बाजूही बंद असेल तर ते कॅबिनेट नकोच. समोर किंवा खाली जाळी हवी, आणि ती काढून धुता येईल अशी हवी. घोडबंदर रोडच्या कडेला राहणाऱ्यांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको.

पायरी ३: ग्राफिक कार्ड

भाव रोज हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाटा लक्षात ठेवा. मॉनिटर सोडून जे बजेट आहे त्यातले ३५ ते ४० टक्के ग्राफिक कार्डाला द्या, प्रोसेसर आणि बोर्ड मिळून ३० टक्के आणि उरलेल्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले आणि ही गणितं थोडी विस्कटली. त्यामुळे यादी पक्की करण्याआधी रॅमचा त्या दिवसाचा भाव आधी विचारा.

१०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर खेळायचं असेल तर ८ जीबीचं दोन पंख्यांचं कार्ड पुरतं. आरएक्स ६६०० (१३२ वॉट) आणि आरटीएक्स ४०६० (११५ वॉट) छोट्या कॅबिनेटला विशेष सोयीची, कारण वीज कमी खातात म्हणजे तापतातही कमी. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल १७० वॉटचं आहे. चालेल, पण हवा खेळती हवी. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल फक्त ७० वॉटचं, बहुतेकांना वेगळी वायरही लागत नाही. एसएमपीएस अगदी बेताचा असेल तिथे ते कामाचं.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआय-ई च्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला जोडमार्ग) चारच लेन वापरतं. बोर्ड किंवा प्रोसेसर पीसीआय-ई ३.० चा असेल तर त्याचा वेग चांगलाच पडतो, शिवाय मेमरी ४ जीबी. टाळा. 'आरएक्स ५८०' अगदी स्वस्तात मिळालं तर त्यावर '२०४८ एसपी' लिहिलंय का बघा. मूळ कार्डात २३०४ प्रोसेसर असतात, यात कापलेले आहेत.

कार्ड न घेताही चालू शकतं. रायझन ५ ८६००जी या एएमडीच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक व्हॅलोरंट, सीएस२ यांसारखे गेम कमी सेटिंगवर व्यवस्थित चालवतं, आणि मग कॅबिनेट खरंच छोटं घेता येतं. मात्र रॅमच्या दोन पट्ट्या लावायच्याच. अंगचं ग्राफिक रॅमच वापरतं, त्यामुळे एका पट्टीवर त्याचा दम निम्म्यावर येऊ शकतो.

पायरी ४: प्रोसेसर, बोर्ड, रॅम

कमी पैशांत दोन रस्ते. एक, एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) रायझन ५ ५६००. सहा कोर, ६५ वॉट, सोबत ५४ मिमी उंचीचा कूलर, म्हणजे बहुतेक छोट्या कॅबिनेटमध्ये बसतो. दुसरा, इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, सोबत एच६१० बोर्ड. दोन्हीकडे डीडीआर४ रॅम चालते (इंटेलचा बोर्ड घेताना तो डीडीआर४ चाच आहे ना ते खोक्यावर वाचा, दोन्ही प्रकार येतात). पुढे कधीतरी नुसता प्रोसेसर बदलायचा असेल तर एएमडीचं नवं एएम५ सॉकेट घ्या, पण तिथे डीडीआर५ शिवाय पर्याय नाही आणि सुरुवातीचा खर्च वाढतो.

दुकानात "५६०० नाही, ५५०० घ्या, सेमच आहे" असं ऐकू येईल. सेम नाही. ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय ते दोन्ही पीसीआय-ई ३.० वर अडतात. भावात खरंच मोठा फरक असेल तरच ५५००.

इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. मॉनिटरची वायर बोर्डाला लावून "डिस्प्लेच येत नाही" म्हणणारे निम्मे लोक इथे फसलेले असतात. वायर ग्राफिक कार्डाला लावायची. बी४५० चिपसेटचा जुना साठ्यातला बोर्ड घेतला तर बायॉस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनी असल्यामुळे ५६०० सुरूच होत नाही, असंही होतं. दुकानातच बायॉस अपडेट करून मागा किंवा बायॉस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायॉस अपडेट करायचं) बटण असलेला बोर्ड घ्या.

रॅम १६ जीबी, ८ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००. रंगीत दिव्यांच्या उंच पट्ट्या आडव्या पंख्याच्या ठेंगण्या कूलरखाली अडकतात, साध्या घ्या. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), २२८० मापाची, १ टीबी. ५१२ जीबी दोन-तीन मोठ्या गेममध्येच भरते. स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्डांवर वायफाय नसतं, त्याचे पैसे यादीत धरा.

पायरी ५: एसएमपीएस, आणि इथे काटकसर नको

बेरीज साधी आहे. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. झाले २५८ वॉट. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) ४५० वॉट पुरतो. पुढे मोठं कार्ड घ्यायचं मनात असेल तर ५५०. कॅबिनेटसोबत फुकट येणारा '५०० वॉट' एसएमपीएस वापरू नका. त्याचा आकडा कागदावरचा असतो, आणि जळताना तो एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. पीसीआय-ई ची ६+२ पिनची आणि सीपीयूची ४+४ पिनची वायर आहे ना, ते खोक्यावरच्या तक्त्यात बघा.

पावसाळ्यात लाइट येते-जाते, म्हणून यूपीएस लागतोच. भिंतीतून एसएमपीएस साधारण ३०० वॉट ओढेल आणि मॉनिटर २५ ते ३०. ६०० व्हीए चे यूपीएस बहुधा ३६० वॉटचे असतात, म्हणजे अगदी काठावर. १००० व्हीए घ्या. जुन्या चाळीत किंवा इमारतीत कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर अर्थिंग नाही असं समजा, आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पायरी ६: खरेदी

यादी हातात असली की वाशीत सेक्टर १७ आणि ठाण्यात स्टेशन परिसरातल्या दुकानांत भाव काढा, ऑनलाइन भाव बघा, मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी, ग्रँट रोड पूर्व. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. सगळं एकाच दुकानातून घ्यायचा हट्ट नको, पण बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच ठिकाणी घेतलेले बरे. चालू झालं नाही तर "दोष दुसऱ्याच्या मालात" हे उत्तर मिळत नाही.

बिल पक्कं, जीएसटीचं, सिरीयल नंबर लिहिलेलं. जीएसटी १८ टक्के आहे. कच्च्या बिलावर तो वाचतो, पण वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात. कार्डाला भारतातली वॉरंटी आहे का, तेही विचारून घ्या.

सेकंड हँड ग्राफिक कार्डात पैसे चांगले वाचतात, पण ते चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बनावट कार्ड असेल तर बरेचदा ते तिथेच सांगतं. मग १५ ते २० मिनिटं ताण देणारी चाचणी लावा आणि तापमान, पंख्याचा आवाज, पडद्यावरचे ठिपके बघा. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या कार्डाची ब्रॅकेट आणि स्क्रू गंजलेले दिसतात. गंज पोर्टच्या आत शिरलेला असेल तर परत द्या. 'वीस हजारांत गेमिंग पीसी' म्हणून तिसऱ्या पिढीचा आय५ मिळतो, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात.

पायरी ७: जोडणी आणि पहिली तपासणी

कॅबिनेटमध्ये काही घालण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि कार्ड लावा आणि डिस्प्ले येतो का बघा. छोट्या कॅबिनेटमध्ये सगळं बसवल्यावर चूक शोधायची म्हणजे पुन्हा सगळं उघडायचं. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. सीपीयूची ८ पिनची वायर बोर्ड बसवण्याआधीच कोपऱ्यातून ओढून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही. बोर्डाखाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा धातूचा खुंट) राहिला तर शॉर्ट होतो, तेवढे मोजून लावा.

बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजमध्ये तेवढा आकडा निवडा. तो आपोआप होईलच असं नाही.

तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. २५ अंशांच्या एसी खोलीत ७५ वर असणारं कार्ड मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ८४ च्या आसपास जाईल, आणि त्यात बिघाड काही नाही. त्याहून वर गेलं तर आधी फ्रेम रेट मॉनिटरच्या हर्ट्झवर अडकवा, मग कार्डाचा व्होल्टेज थोडा उतरवा. दोन्ही फुकट आहेत. जाळी महिन्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत लावा. आणि पीसी लोकलने न्यायचा असेल तर ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या खोक्यात घ्या. गर्दीत कॅबिनेट आपटलं तर कार्डाच्या वजनाने बोर्डाचा स्लॉट तुटतो, आणि तो वॉरंटीत बसत नाही.