दोन लहान विमानतळांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन लहान विमानतळांमधील हवाई अंतर कागदावरही काढता येते. अवघड असतो तो वेळ, कारण जवळच्या पल्ल्याला अंतर भागिले वेग हे उत्तर हमखास कमी येते.

सुरुवात दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांपासून करावी. ते शोधताना गावाच्या नावावर विसंबू नये, कारण धावपट्टी गावापासून बरीच दूर असू शकते आणि एकाच नावाची गावेही अनेक असतात. तिकिटावर छापला जाणारा तीन अक्षरी आयएटीए संकेत प्रत्येक लहान विमानतळाला मिळालेला नसतो. अशा वेळी चार अक्षरी आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) संकेताने शोध घ्यावा. मिळालेले आकडे अंश-मिनिटांत आहेत की दशांशात, हेही आधीच तपासावे. २०° ३०′ म्हणजे २०.५ अंश; ते कोणी २०.३ असे लिहिले, तर उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे २२ किलोमीटरांचा फरक पडतो आणि तो सहसा लक्षातही येत नाही.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, अर्थात जवळपास ६० सागरी मैल. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे जाताना आक्रसत जातो, म्हणून त्याच्या १११ किलोमीटरांना दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. समजा, एक विमानतळ १९ आणि दुसरा २१ अक्षांशावर असून रेखांशांत ३ अंशांचा फरक आहे. उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम अंतर ३ × १११ × ०.९४, म्हणजे सुमारे ३१३ किलोमीटर होते. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ३८४ किलोमीटर, म्हणजेच सुमारे २०७ सागरी मैल मिळतात. काही शे किलोमीटरांपर्यंत ही रीत पुरेशी आहे. त्यापुढे पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधले अंतर काढण्याचे सूत्र, वापरावे.

वेळ काढताना विमान कोणते, हा पहिला प्रश्न. इंटरनेटवरील अनेक गणकयंत्रे सरसकट मोठ्या जेट विमानाचा, ताशी ८०० किलोमीटरांच्या आसपासचा वेग धरतात. पण आखूड धावपट्ट्यांवर बहुधा एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप (पंख्यांवर चालणारी) विमाने येतात आणि त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या घरात असतो. त्या वेगाने ३८४ किलोमीटरांना ४६ मिनिटे लागतात. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण आणि उतरण्यासाठी योग्य दिशेने वळसा घेणे यांसाठी २० ते ३० मिनिटे वाढवावीत. माझ्या मते लहान पल्ल्याला हा आकडा अंतराइतकाच महत्त्वाचा आहे. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे तिथे सव्वा तास छापलेला दिसला तरी नवल नाही.

वाऱ्याचा हिशेब शेवटी करावा. समोरून ताशी ५० किलोमीटरांचा वारा असेल तर त्या ४६ मिनिटांची ५१ होतात, पाठीमागून असेल तर ४२. दोन्ही ठिकाणी प्रमाणवेळ वेगळी असेल, तर पोहोचण्याच्या स्थानिक वेळेत तो फरक मिळवावा किंवा वजा करावा. मात्र या दोन विमानतळांदरम्यान थेट सेवा आहे का, हे आकडेमोडीपूर्वीच पाहिलेले बरे. नसल्यास प्रत्येक टप्प्याचा वेळ स्वतंत्रपणे काढून मधल्या थांब्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो.