महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज: दाखल्यांपासून पैसे खात्यात येईपर्यंत

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर रांग लागते. आपण कुठल्या योजनेसाठी दाखला काढतोय, हे त्या रांगेतल्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं. 'शिष्यवृत्तीला लागतो' एवढंच कुणीतरी सांगितलेलं असतं. मी काही वर्षं आमच्या भागातल्या मुलांना महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज भरायला मदत करतो. अर्ज भरताना चूक होऊन पैसे गेले, असं क्वचित पाहिलं. पैसे अडकतात ते अर्जाच्या आधीच्या तयारीत, नाहीतर अर्ज पाठवल्यानंतरच्या दुर्लक्षात.

आधी योजना ठरवा

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना, म्हणजे आपण जिला फ्रीशिप म्हणतो ती पाहायची. आदिवासी, विमुक्त-भटक्या, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांच्या योजना त्यांच्या त्यांच्या विभागाखाली त्याच पोर्टलवर दिसतात.

खुल्या प्रवर्गातली घरं इथेच मागे राहतात. 'आपल्याला कुठली आलीय शिष्यवृत्ती' म्हणून वडील विषय बंद करतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाची साधारण निम्मी शिक्षण फी तीत मिळते, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. ज्या राजाने १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, त्याच्या नावाच्या योजनेत अर्ज करायला कसला संकोच?

मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. म्हणून 'जवळचं कॉलेज मिळतंय, मॅनेजमेंटमधून घेऊन टाकू' असं ठरवण्याआधी चार वर्षांच्या फीचा हिशेब कागदावर मांडा.

दाखले

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका, जूनच्या गर्दीची वाट पाहू नका. त्याबरोबर अधिवास दाखला, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती आणि प्रवर्गाप्रमाणे जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचा दाखला), जातवैधता (जातीचा दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र). शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

जातवैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल करून टाका.

सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. आधारमधली दुरुस्ती करून घ्यायला आठवडे जातात, म्हणून हे काम प्रवेशाच्या धावपळीआधी उरका. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही त्याच फेरीत बघा. ओटीपी त्यावरच येतो.

बँक खातं

शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर येते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती आधार क्रमांकावर येते. तुमचा आधार क्रमांक ज्या बँकेच्या नावाने एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले पेमेंट व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे शेवटचा नोंदलेला असेल, पैसे त्या बँकेत पडतात. खात्याला आधारची झेरॉक्स दिलेली असणं आणि आधार थेट लाभासाठी 'सीड' झालेला, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी बँकेने तिकडे नोंदवलेला असणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

माझ्या भाचीची पहिल्या वर्षाची रक्कम येईना. पोर्टलवर पैसे पाठवल्याचं दिसत होतं, पासबुकात काही नव्हतं. दोन महिने आम्ही कॉलेजच्या खिडकीवर विचारत राहिलो. शेवटी लक्षात आलं, अकरावीत असताना घरी आलेल्या माणसाकडून तिने एक पेमेंट बँकेचं खातं अंगठा लावून उघडलं होतं. आधार तिकडे सीड झाला होता आणि पैसे सगळे तिथे जमा होते. त्या खात्याचा तिला विसरच पडला होता.

म्हणून अर्जाआधी 'माय आधार'च्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे कुठल्या बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' दिसतंय ते पाहा. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन थेट लाभासाठी आधार सीडिंगचा अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. खातं लहानपणी उघडलेलं असेल तर केवायसी पूर्ण करून घ्या, कारण तसल्या छोट्या खात्यात जमा रकमेला मर्यादा असते. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं.

अर्ज

नोंदणी आधार ओटीपीने करा. मोबाईल नंबर स्वतःचा किंवा आई-वडिलांचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा कधीही नको. युजर आयडी आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा.

प्रोफाईलमध्ये चालू अभ्यासक्रमाचा भाग सावकाश भरा. प्रवेशाची तारीख, वर्ष, प्रवेशाचा प्रकार, फी हे सगळं पावती आणि अलॉटमेंट लेटर समोर ठेवूनच लिहायचं. वसतिगृहात राहता की घरून जाता, हेही खरं ते लिहा, भत्ता त्यावर ठरतो. प्रोफाईल पूर्ण झाल्यावर पात्र योजना समोर येतात. अपेक्षित योजना दिसत नसेल तर प्रवर्ग, उत्पन्न किंवा अभ्यासक्रम यांपैकी काहीतरी चुकीचं भरलेलं आहे, तिथे परत जा.

सबमिट केल्यावर

अर्जाची प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजमध्ये द्या, पोच घ्या. अर्ज आधी कॉलेजकडे, मग जिल्हा कार्यालयाकडे तपासला जातो. त्रुटी निघाली की तो 'सेंड बॅक' होऊन तुमच्या लॉगिनमध्ये परत येतो आणि दुरुस्तीला मुदत असते. ही मुदत हुकल्याने वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत. दर रविवारी एकदा लॉगिन करा.

मंजुरीनंतर जिथे व्हाउचर (मंजूर रकमेची पोर्टलवरची पावती) येतं तिथे ते लॉगिन करून 'रिडीम' करावं लागतं, नाहीतर पैसे पुढे सरकत नाहीत. अनुसूचित जातीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते, ती घरखर्चात गेली की पुढे फार ओढाताण होते.

पात्र विद्यार्थ्याकडून योजनेतली रक्कम प्रवेशाच्या वेळी वसूल करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही कुणी पूर्ण फी मागितली तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि प्रत संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्या.

दुसऱ्या वर्षी नवीन नोंदणी करू नका. जुन्याच आयडीने नूतनीकरणाचा अर्ज भरा, मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडा आणि वर्षभर हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.