पुण्यात मेट्रोने एअरपोर्टला कसं जायचं आणि परत कसं यायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पुण्याची मेट्रो एअरपोर्टच्या दारापर्यंत जात नाही. ती नगर रोडवर रामवाडीला संपते आणि तिथून लोहगावचं विमानतळ साधारण पाच किलोमीटर राहतं. हे पाच किलोमीटर कसे जायचे ते घरातून निघतानाच ठरवलं असेल तर मेट्रो स्वस्तही पडते आणि वेळेचीही खात्री राहते, आणि ठरवलं नसेल तर रामवाडीच्या जिन्याखाली बॅगा धरून घासाघीस करत उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात घड्याळ पुढे सरकत असतं. म्हणून मेट्रोपेक्षा त्या शेवटच्या टप्प्याबद्दलच इथे जास्त लिहिलंय.

एवढा खटाटोप कशाला, सरळ कॅब करावी की, असं घरोघरी म्हणतात. पहाटे किंवा दुपारी रस्ता मोकळा असताना ठीक आहे, पण संध्याकाळी सहा-सातला कोथरूडहून निघून कर्वे रोड, डेक्कन, स्टेशन, बंडगार्डन, येरवडा असं करत जायचं म्हणजे किती वेळ लागेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पाऊस असेल तर विचारूच नका. मेट्रोला कोथरूडच्या वनाजपासून रामवाडीपर्यंत रोज तेवढाच वेळ लागतो, अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त. रूबी हॉल ते रामवाडी हा तुकडा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला आणि तेव्हापासून कोथरूडकरांना नगर रोडला एका गाडीत बसून जाता यायला लागलं, माझ्या मते पूर्व पुण्यात जायच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात मोठा फरक आहे.

पहिलं काम: फ्लाइटची वेळ बघा

मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री अकरापर्यंत असते. म्हणजे वनाजहून पहिली गाडी पकडली तरी रामवाडीला पोचेपर्यंत पावणेसात होतात, तिथून एअरपोर्ट सव्वासात. देशातल्या फ्लाइटचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, वर सिक्युरिटीची रांग वेगळी. त्यामुळे सकाळी नऊच्या आधीची फ्लाइट असेल तर मेट्रोचा विचार सोडून द्या, आदल्या रात्रीच रिक्षा किंवा कॅब ठरवून ठेवा. पुण्याहून पहाटेच्या आणि रात्री उशिराच्या फ्लाइट बऱ्याच आहेत, तेव्हा मेट्रो प्रत्येकाच्या उपयोगाची नाही हे मान्यच करायला हवं.

नऊ ते रात्री दहाच्या मधली फ्लाइट असेल तर मात्र नक्की विचार करा, आणि त्यातही दुपारी चारनंतर निघायचं असेल तर मी डोळे झाकून मेट्रो सांगेन.

कुठून चढायचं

लाईन दोन आहेत. ॲक्वा लाईन वनाज ते रामवाडी, ही तुमची लाईन. पर्पल लाईन पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट, आणि दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात.

कोथरूड, कर्वे रोड, डेक्कन, जंगली महाराज रोड या भागातल्यांना काहीच बदलायचं नाही. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन, संभाजी उद्यान, यातलं जवळचं स्टेशन धरा आणि शेवटच्या स्टेशनला उतरा. डेक्कन ते पुणे महापालिका स्टेशन गाडी मुठेच्या कडेकडेने जाते, डेक्कन आणि संभाजी उद्यान ही दोन स्टेशनं पगडीच्या आकाराची बांधलीयत, पाहुणे बरोबर असतील तर त्यांना जरूर दाखवा.

रेल्वेने आलेल्यांसाठी तर हे सगळ्यात सोपं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून पुणे स्टेशनला उतरलात की बाहेरच मेट्रोचं पुणे रेल्वे स्टेशन आहे, तिथून रूबी हॉल, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर आणि पाचवं रामवाडी. स्टेशनबाहेर जे सुटकेस बघून हजार भाव सांगतात त्यांच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही.

एसटीने येणाऱ्यांचं जरा समजून घ्या. सातारा, कराड, कोल्हापूरच्या गाड्या स्वारगेटला येतात, तिथून पर्पल लाईन धरून सिव्हिल कोर्टला बदलायचं. शिवाजीनगरचा एसटी स्टँड मात्र केव्हाच वाकडेवाडीला हलवलाय, त्यामुळे नाशिककडून येऊन वाकडेवाडीला उतरलात तर आधी शिवाजीनगर मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा करावी लागेल. आणि अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी तर गावात यायचंच नाही, तुमची गाडी नगर रोडनेच येते, कंडक्टरला सांगून विमाननगरच्या आसपास उतरा, तिथून रिक्षाने एअरपोर्ट जवळ आहे. वाकडेवाडीपर्यंत जाऊन परत उलटं यायचं म्हणजे तास-दीड तास फुकट.

घरून स्कूटर काढून स्टेशनजवळ लावू आणि चार दिवसांनी नेऊ, हा विचार करू नका. बहुतेक स्टेशनांना धड पार्किंग नाही आणि रस्त्यावर लावलेली गाडी टोइंगवाले उचलणार. कोणाला तरी सोडायला सांगा नाहीतर रिक्षाने या.

तिकीट

तिकीट दहा रुपयांपासून आहे आणि कुठूनही कुठेही गेलात तरी पस्तीसच्या वर जात नाही. वनाज ते रामवाडी तीस रुपये. शनिवार-रविवारी ३० टक्के सूट मिळते, विद्यार्थ्यांच्या पासवरही तेवढीच, आणि मेट्रोचं वन पुणे कार्ड असेल तर इतर दिवशी १० टक्के. काउंटर आहे, मशीन आहे, ॲप आहे, व्हॉट्सॲपवरही तिकीट निघतं. क्यूआर आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे दाखवावा लागतो, म्हणून फोनची बॅटरी कमी असेल तर सरळ कागदी तिकीट घ्या. विशेषतः परत येताना, प्रवासातून आलेल्या माणसाचा फोन हमखास दहा टक्क्यांवर असतो.

आत जाताना बॅगा स्कॅनरमधून जातात. गाडी तीनच डब्यांची आहे आणि सामान ठेवायला वेगळी जागा नाही, तेव्हा एका माणसामागे एक मोठी बॅग आणि एक पाठीवरची एवढंच जमतं. चौघांचं कुटुंब, सहा बॅगा, वर लोणच्याची बरणी आणि मांडीवर बाळ असं असेल तर कॅबच करा, मेट्रोत तुमचे हाल होतील.

सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना

पिंपरी-चिंचवड, दापोडी, शिवाजीनगर, कसबा, मंडई, स्वारगेट इकडून येणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस इथेच गोंधळतो. पर्पल लाईनचा प्लॅटफॉर्म जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्टेशनांपैकी हे एक, आणि ॲक्वा लाईन मात्र वर पुलावरून जाते. म्हणजे एकदम तळातून निघून रस्त्याच्याही वर चढायचंय. सरकते जिने एकामागून एक येत राहतात, एक संपला की चार पावलं चालून दुसरा, आणि मोठी बॅग सरकत्या जिन्यावर मागे कलंडते, तिला एका हाताने धरून दुसरा हात कठड्यावर ठेवावा लागतो, मागे कोणी म्हातारं माणूस असेल तर फारच सांभाळावं लागतं. म्हणून मोठी बॅग असेल तर लिफ्टच घ्या, बोर्ड बघत चला, थोडं थांबावं लागलं तरी चालेल. बाहेर पडायच्या गेटमधून चुकून बाहेर पडू नका, तिकीट तिथेच संपेल, दुसऱ्या लाईनकडे असा बाण दिसेल तिकडेच जायचं. हे सगळं करायला दहा मिनिटं हिशोबात धरा. वर आलात की रामवाडीकडे जाणारा प्लॅटफॉर्म बघून उभे राहा, वनाजची गाडीही तिथूनच सुटते.

गर्दीच्या वेळी गाडी सहा-सात मिनिटांनी येते, एरवी दहा मिनिटांनी, त्यामुळे एखादी चुकली तरी पळापळ करायचं कारण नाही. कोर्टापासून रामवाडी सातवं स्टेशन.

रामवाडी ते एअरपोर्ट

आता मुख्य भाग. रामवाडीला उतरल्यावर तीन पर्याय आहेत.

पहिला, पीएमपीची म्हणजे शहर बससेवेची एअरपोर्टला जाणारी फीडर बस. सगळ्यात स्वस्त हीच, पण मेट्रोसारखी दर दहा मिनिटांनी नाही. गाडीत बसल्या बसल्या, कल्याणीनगर यायच्या आत, ‘आपली पीएमपीएमएल’ ॲप उघडून बस कुठे आहे ते बघून घ्या. दहा-पंधरा मिनिटांत येणार असेल तर थांबा, नसेल तर आशेवर उभं राहू नका.

दुसरा, रिक्षा. पुण्यात मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये, म्हणजे पाच किलोमीटरला साधारण ८५ रुपये होतात. हा आकडा डोक्यात ठेवूनच जिना उतरा. बॅग दिसली की ‘एअरपोर्ट? दोनशे’ असं म्हणतात, तेव्हा शांतपणे ‘मीटरने चला’ म्हणायचं, नाही म्हटलं तर पुढच्याकडे जायचं. जिन्याच्या तोंडाशी उभे असतात ते सहसा मीटरला तयार होत नाहीत, वीस-तीस पावलं पुढे जाऊन नगर रोडवरून येणारी चालती रिक्षा थांबवलीत तर तिचा माणूस पटकन हो म्हणतो. घाई असेल तर शंभर-सव्वाशेला ठरवून घ्या, फ्लाइट चुकण्यापेक्षा ते परवडतं.

तिसरा, ॲपवरून रिक्षा किंवा कॅब. गाडी रामवाडीत शिरतानाच बुक करा, उतरून खाली येईपर्यंत ती जवळ आलेली असते. रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते फोनवर नीट सांगा, कारण नगर रोड रुंद आहे आणि ड्रायव्हर पलीकडे थांबला तर त्याला वळसा घालून यायला पाच मिनिटं सहज जातात.

रस्ता विमाननगरमधून, दत्त मंदिर चौक आणि सिम्बायोसिसवरून जातो. मोकळा असेल तर पंधरा मिनिटं, संध्याकाळी विमाननगर चौकात अडकलात तर पंचवीस. मी नेहमी अर्धा तास धरा असं सांगतो. म्हणजे कोथरूडहून मेट्रोची चाळीस, रामवाडीत वाहन मिळेपर्यंत दहा, पुढे तीस, असे एक तास वीस मिनिटं. त्याच्या आधी घर ते स्टेशन आणि नंतर एअरपोर्टवरचा वेळ तुमचा तुम्ही मिळवा.

ड्रायव्हरला नवीन टर्मिनल असं आधीच सांगा किंवा तिकिटावर काय लिहिलंय ते दाखवा. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये वापरात आलं आणि जुनं त्याच्या शेजारीच आहे, पण बॅगा ओढत इकडून तिकडे चालायला नको वाटतं.

परत येताना

उलटा प्रवास तोच, फक्त सुरुवात जरा अवघड. ॲपच्या कॅबचा पिकअप टर्मिनलच्या दारात नसतो, त्यासाठी एरोमॉल नावाच्या पार्किंगच्या इमारतीत जावं लागतं. तिथे रामवाडी म्हटलं की जवळचं भाडं म्हणून काही ड्रायव्हर नको म्हणतात, दोनतीनदा बुकिंग कॅन्सल होतं. त्यामुळे परत येताना मी बसलाच पहिला नंबर देईन, बाहेर पडल्यावर तिथल्या माणसाला पीएमपी कुठे लागते ते विचारा आणि रामवाडीची आहे ना याची खात्री करून चढा. बसला खूप वेळ असेल तर ॲपवर रिक्षा बघा आणि पिकअपची जागा ॲप दाखवेल तीच धरा.

रात्री साडेनऊपर्यंत विमान उतरलं तर मेट्रो आरामात मिळते. साडेनऊ ते दहा म्हणजे बेल्टवर बॅग किती लवकर येते त्यावर आहे. दहानंतर उतरलात तर सरळ घरापर्यंत कॅब करा, आणि त्यातही पर्पल लाईनवर जायचं असेल तर आणखी अर्धा तास आधीची मर्यादा धरा, कारण सिव्हिल कोर्टला पोचेपर्यंत पुढची शेवटची गाडी निघून गेलेली असू शकते.

गणपतीतलं वेगळं सांगायला हवं. त्या दिवसांत पेठांतले रस्ते संध्याकाळपासून बंद असतात, कॅब आत येतच नाही, तेव्हा लक्ष्मी रोड, शनिवार पेठ, सदाशिव पेठेतल्या माणसाला मेट्रोशिवाय पर्याय नसतो. मेट्रो त्या काळात उशिरापर्यंत चालवतात. पण मंडई आणि कसबा स्टेशनला देखावे बघायला येणाऱ्यांची एवढी झुंबड असते की बॅग घेऊन जिन्यापर्यंतसुद्धा पोचता येत नाही. त्यापेक्षा चालत नदी ओलांडून डेक्कनला किंवा संभाजी उद्यानला जा, तिथून गाडीही थेट मिळते आणि सिव्हिल कोर्टला बदलायचंही वाचतं.

मेट्रो एअरपोर्टपर्यंत कधी जाणार हे सगळेच विचारतात. रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत लाईन वाढवायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिलीय, वनाजकडे चांदणी चौकापर्यंतही वाढणार आहे. पण ही वाढीव लाईन नगर रोडनेच सरळ पुढे जाते, विमानतळाकडे वळत नाही. तेव्हा ती झाली तरी लोहगावला जाणाऱ्याला नगर रोडवर उतरून रिक्षा किंवा बस धरावीच लागेल, आणि लाईनचं काम सुरू झालं की नगर रोडवर बॅरिकेड लागतील, त्या दिवसांत रामवाडी ते एअरपोर्टसाठी अर्ध्याऐवजी पाऊण तास धरून निघा.