पितृपक्षात अपडेट नको

अनंत चतुर्दशीला दांडिया बाजारातले गणपती गेले की नवरात्राला जेमतेम पंधरवडा उरतो. सॉफ्टवेअर कंपन्यांना आपलं पंचांग ठाऊक नसतं, त्यामुळे ‘नवी आवृत्ती आली आहे’ ही पाटी नेमकी याच दिवसांत झळकते. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये हा आजीचा नियम बाकी कुणी पाळो न पाळो, वडोदऱ्यात गरब्याला लॅपटॉपवरून संगीत वाजवायला बसणाऱ्याने पाळावा.

सगळ्यात आधी ऑटो-अपडेट बंद करा. सॉफ्टवेअरचं वेगळं असतं, प्लगइनच्या (त्यात जोडलेल्या वाद्यांच्या, इफेक्टच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) मॅनेजरचं वेगळं आणि विंडोजचं वेगळं. एक बंद केलं म्हणजे तिन्ही झाली असं नाही. विंडोज ११ अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पॉज करू देतं. चतुर्दशीच्या रात्री पॉज केलंत तर कोजागिरी त्यात बसते. (२०२० सारखा अधिक आश्विन आला तर हिशोब नव्याने मांडा.) मॅकवाल्यांनी २०१९ आठवावं: कॅटलिना आली आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका झटक्यात बंद पडले. कित्येकांचे लाडके जुने प्लगइन त्यातच गेले.

आज जी आवृत्ती बिनतक्रार चालते तिचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर हवाच. कंपनी जुनी आवृत्ती पुढेही डाउनलोडला ठेवेल याचा भरवसा नाही. लायसन्सचा ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून बॅगेत टाका. ऑफलाइन ॲक्टिव्हेशनची सोय असेल तर ते घरीच उरका. मैदानात हजारो मोबाइल जमले की नेट रांगायला लागतं आणि सॉफ्टवेअरला तेव्हाच तुमची ओळख पटवून हवी असते.

नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत बहुधा उघडत नाही. म्हणून प्रोजेक्टची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि शिवाय प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्ह ऑडिओ फाइलमध्ये काढलेला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी. दहा ट्रॅकचा वीस मिनिटांचा राउंड साडेतीन जीबीच्या आत मावतो. एवढ्यासाठी जागेची कंजुषी करू नका. संगीतकार मौलाबख्शांनी १८८६ साली याच गावात गायनशाळा काढली. त्यांनी स्वतःच्या स्वरलिपीत छापलेली पुस्तकं अजूनही उघडून वाचता येतात. आपल्या पाच वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टबद्दल तेवढी खात्री कोण देईल?

अपडेट होऊनच गेलं असेल (घरातला कुणीतरी उत्साही भाचा असतोच), तर तालमीआधी अर्धा तास ऑक्टोपॅडसमोर (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडसमोर) बसा. नव्या आवृत्त्यांची एक खोड असते, आपली सेटिंग्ज पुसून स्वतःची बसवायची. १२८ वर ठेवलेला बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवले जाणारे नमुने) गुपचूप १०२४ होतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ चा उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत, तो जाणवत नाही. १०२४ चा एकवीस, आणि काठी पडल्यावर ढोल किंचित मागून येतो. हींच हा गरब्याचा ताल धरून बसलेला वादक बिचारा स्वतःलाच बोल लावतो, हात जड झालाय म्हणतो. म्हणून आधी बफर बघा, मग ॲसिओ (विंडोजमध्ये आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर आपल्याच इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या साउंड कार्डाचा आहे ना, सॅम्पल रेट ४८ वरून ४४.१ किलोहर्ट्झवर तर उतरला नाही ना. मग एकेक पॅड वाजवा, कोपऱ्यातलेसुद्धा. मिडीचं मॅपिंग (कुठल्या पॅडला कुठला आवाज) हललेलं असेल तर ढोलाच्या पॅडवर मंजिरा वाजतो, आणि ही गोष्ट भरल्या मैदानात कळून चालणार नाही.

तक्रार जरूर करा. पैसेही आपण मोजायचे आणि तपासणीही आपणच करायची, याचा राग येणं साहजिक आहे, पण कस्टमर केअरला नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं की ‘रीइन्स्टॉल करून बघा’ एवढंच उत्तर येतं. सॉफ्टवेअर एकाचं, प्लगइन दुसऱ्याचे, ड्रायव्हर तिसऱ्याचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यांना ती संधीच देऊ नका. आवृत्तीचा पूर्ण आकडा, विंडोज कुठलं, इंटरफेस कुठला, काय दाबल्यावर काय झालं हे क्रमाने लिहा आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडा. सगळे प्लगइन काढून रिकाम्या प्रोजेक्टमध्येही बिघाड होतो का, तेही तपासून लिहा. निम्मी टोलवाटोलवी तिथेच थांबते.

अपडेट कधीच करू नये असं कुणी म्हणत नाही. सुरक्षेची दुरुस्ती असते, कधी आपलीच जुनी तक्रार मिटलेली असते. मात्र शून्यावर संपणाऱ्या (म्हणजे अगदी नव्या कोऱ्या) आवृत्तीला हात लावू नका, तिच्या मागून येणाऱ्या दुरुस्त्यांची वाट बघा. मुहूर्त विचाराल तर कोजागिरीनंतर आणि तुळशीच्या लग्नाआधी, आधी जुन्या लॅपटॉपवर. त्यात दिवाळी पहाटेचा कार्यक्रम घेतला असेल, तर तो होईपर्यंत तेही नाही.