‘आजी त्रास देतात’ असं वहीत लिहिण्याआधी : वृद्धाश्रमात या चुका टाळा

पाळी बदलताना वहीत मी वर्षानुवर्षं तीच वाक्यं वाचत आले आहे. ‘आजींनी आंघोळीला नकार दिला.’ ‘काकांनी रात्रभर झोपू दिलं नाही.’ काय झालं ते कळतं, का झालं ते कळत नाही.

आंघोळीचंच घ्या. सकाळच्या दोन तासांत सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात आणि एक आजी न्हाणीची चौकट धरून उभ्या राहतात. दोन मावश्या मिळून त्यांना आत नेतात. ही सर्वांत मोठी चूक. एकदा जबरदस्ती झाली की दुसऱ्या दिवशी न्हाणीचं दार दिसताच त्या ओरडायला लागतात. कारण शोधायला हवं. फरशी गार आहे का? सकाळी सांधे आखडलेले असतात का? परक्या माणसासमोर, त्यातून पुरुष कर्मचाऱ्यासमोर, लुगडं सोडायची लाज वाटते का? जन्मभर बादली-तांब्यानं आंघोळ केलेल्या बाईच्या डोक्यावर शॉवरचं पाणी एकदम कोसळलं तर तिचा जीव घाबरणारच. बसायला स्टूल द्या, कोमट पाणी आधी पायांवर घाला, अंगावर पंचा राहू द्या आणि तांब्या त्यांच्याच हातात द्या. सकाळी नको असेल तर दुपारी. एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी काही बिघडत नाही.

‘नाश्ता घेत नाहीत’ अशी नोंद असलेल्या एक आजी आमच्याकडे होत्या. आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नसत, आणि त्यांचा आंघोळीचा नंबर नाश्त्यानंतरचा होता. नंबर पुढे घेतला, त्या खायला लागल्या.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. परवापर्यंत नीट बोलणारे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, किंवा दिवसभर गुंगीत पडून राहतात, आणि आपण ‘वय झालं, विसरभोळेपणा वाढला’ म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. दोन दिवसांत झालेला बदल हा बहुतेकदा शरीराचा निरोप असतो. लघवीचा संसर्ग, पोटात साठलेला मळ, कमी पडलेलं पाणी, नवीन सुरू झालेली गोळी, पडल्यावर डोक्याला बसलेला मार यांपैकी काहीही असू शकतं. म्हातारपणी संसर्ग असूनही ताप येतोच असं नाही, म्हणून थर्मामीटरवर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं तर कधीच देऊ नका, त्यानं गोंधळ वाढतो आणि पडण्याचा धोकाही. ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांचं दुखणं हात झटकण्यातून, कण्हण्यातून, ताट ढकलण्यातून दिसतं.

संध्याकाळी ‘मला घरी जायचंय, पोरं शाळेतून येतील’ म्हणत एखाद्या काकू फाटकाकडे निघतात. ‘तुमची पोरं आता पन्नाशीची झालीत’ हे खरं असलं तरी त्या क्षणी ते सांगणं क्रूर आहे. ‘उद्या नेतील’ ही थापही मारू नका. पोरांना काय आवडायचं, डब्यात काय द्यायचात, असं विचारत दोन पावलं सोबत चाला. अंधार पडायच्या आत दिवे लावा. तिन्हीसांजेला निरांजन लावायचं काम ज्यांना दिलं, त्या काकूंचं फाटकाकडे जाणं आमच्याकडे बरंच कमी झालं.

ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांचं माणूसपण नकळत कसं हिरावलं जातं याची यादीच केली होती. त्यात फसवणूक आहे, लहान मुलासारखं वागवणं आहे, आणि समोरच्याला झेपणार नाही इतकी घाई करणंही आहे. घास भरवतानाची घाई तर थेट ठसका लावते. ताठ बसवा, पहिला घास गिळल्याची खात्री करा, मगच दुसरा.

सोयीसाठी सरसकट गाऊन घालणं आणि बायकांचे केस बारीक कापणं याबद्दल मला चीड आहे. अंबाडा घालायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं काढायला हवीत.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. एवढ्या माणसांत वेळापत्रक लागणारच. पण दाखल करून घेताना साखर आणि रक्तदाबासोबत आणखी अर्धं पान विचारता येतं. घरी काय म्हणून हाक मारायचे? चहा तोंड धुण्याआधी की नंतर? कोणती बोली सहज येते, मालवणी की अहिराणी? कान कोणता ऐकतो? हे पान कपाटातल्या फाइलमध्ये ठेवू नका, रोज काम करणाऱ्या मावशीला वाचून दाखवा आणि शक्यतो तीच मावशी त्यांच्याकडे ठेवा.

हल्ली वहीतल्या नोंदी बदलल्या आहेत. मागच्या आठवड्यातली एक अशी : ‘आजी नको म्हणाल्या. पाणी गार होतं. गरम आणून दिलं, स्वतःच घेतलं.’