मे महिन्यात धरणावर जाताय? आधी पाणी कुठवर आहे ते बघा

सुरुवात घरूनच करा. पेपरात धरणसाठ्याचे आकडे येतात. त्यातली पुण्याला पाणी देणाऱ्या चारही धरणांची बेरीज सोडा, आपण जाणार ते धरण बघा. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. उन्हाळ्यात वरच्या या दोन धरणांचं पाणी खडकवासल्यात सोडतात आणि तिथून ते शहराला नि कालव्याला जातं. त्यामुळे पानशेतचा काठ पाऊस येईपर्यंत खाली खाली सरकत राहतो. खडकवासल्याचा मात्र कधी वर, कधी खाली. मागच्या रविवारी सतरंजी टाकलेली जागा या रविवारी कोरडी असेलच असं नाही.

गाडी रस्त्यालगतच लावा. उघड्या पडलेल्या जमिनीवर उतरवायचा मोह होतो. मी एकदा उतरवली. थोडं अंतर झकास गेलं, मग पुढची चाकं बसली. ट्रॅक्टरवाल्या काकांनी दोर बांधताना एवढंच विचारलं, "पुण्याचे का?"

चालतानाही तोच गाळ. भेगांच्या कडा पांढुरक्या, खडखडीत आणि वर वळलेल्या असतील तर वरचा थर बराच वाळलाय. पण खाली ओल असू शकते. गडद, चकचकीत दिसू लागलं की थांबा. हातात काठी ठेवा आणि खुपसून बघा. वीतभर सहज आत गेली तर आल्या पावली मागे. पाय रुतलाच तर हिसका देऊ नका, दुसराही रुततो. मागे टेकून बसा, चपलेची आशा सोडा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा.

आता पाणी. पोहायला मनाई असलेल्या ठिकाणी उतरू नकाच. "गुडघाभरच जातो" म्हणणाऱ्यालाही आवरा. पाणी आटलंय म्हणजे उथळ झालंय, हा हिशेबच चुकीचा आहे. पाणी ओसरतं तसा काठ जुन्या नदीपात्राकडे सरकतो. पावसाळ्याअखेर काठापासून लांब असलेला खोल उतार मे महिन्यात चार पावलांवर असू शकतो, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही.

धरणाच्या खालच्या नदीपात्रात डबा उघडून बसू नका. वरून विसर्ग वाढला की पाणी चढतं. कालव्यात तर पायही घालू नका. अस्तर केलेल्या तिरप्या काठावर हाताला धरायला काही मिळत नाही.

मग करायचं काय? पाणी कमी झाल्यावर जे दिसतं, ते बघा. पवना धरणातलं वाघेश्वराचं जुनं देऊळ असंच उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. बाकी पक्षी, सावली, कैरीची डाळ, पन्हं. प्यायचं पाणी घरून न्या, वाटतं त्याच्या दुप्पट.

सकाळी लवकर निघा. दुपारनंतर डोंगरामागे काळं दिसू लागलं की वळीव आलाच. उघड्या मैदानात तुम्हीच सगळ्यात उंच असता, म्हणून पहिल्या गडगडाटाला सामान गोळा करून गाडीत बसा. भजी परतीच्या वाटेवरही मिळतात.