रोश हशानाचा तीन थरांचा हलवा, जिलेटिनशिवाय

रोश हशाना म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष. ते सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतं. मूळच्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत या सणाला चिकाचा हलवा करण्याची जुनी रीत आहे: गव्हाचा चीक, नारळाचा रस, साखर, वेलची आणि गुलाबी रंग. इथला पदार्थ त्याच हलव्यावर बेतला आहे. त्यावर आणखी दोन थर चढतात, एक पांढरा नारळाचा आणि एक लाल डाळिंबाचा. डाळिंब सणाचंच फळ. त्यात 613 दाणे असतात, तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या आज्ञांइतके, असं मानतात. मोजत बसू नका.

थरांची जेली म्हटलं की हात आधी जिलेटिनकडे जातो. पण जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढतात, आणि ते कोशेर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं, धरायचं की नाही यावर धर्मगुरूंचंही एकमत नाही. त्यातून सणाच्या जेवणात मटण असेल तर मागून दुधातुपाचं गोड चालत नाही. म्हणून चायना ग्रास आणि नारळाचा रस. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, आणि आपल्या हवेला तेच बरं. जिलेटिन साधारण 35 अंशांना पातळ होतं, तर चायना ग्रासची घट्ट झालेली वडी 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. दमट दुपारीही ताटात ती उभी राहते.

साहित्य, आठ इंची चौकोनी ट्रेसाठी: चायना ग्रासच्या काड्या 16 ग्रॅम, दोन नारळांचा दाट रस अर्धा लिटर, साखर 220 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे, डाळिंबाचा गाळलेला रस 200 मिली, मध दोन चमचे, वेलची पूड, खाण्याचा गुलाबी रंग (किंवा बिटाचा थोडा रस), बदाम-पिस्त्यांचे काप. घरी कुरडयांसाठी काढतात तसा गव्हाचा चीक काढला असेल, तर कॉर्नफ्लोअरऐवजी खाली बसलेला घट्ट चीक अर्धी वाटी घ्या. चव त्याचीच खरी. मात्र गहू भिजवण्यात तीन दिवस जातात आणि नंतर ढवळून दंड भरून येतात.

चायना ग्रास 5, 5 आणि 6 ग्रॅम असं तीन वाट्यांत अर्धा तास भिजत घाला. जास्तीचा एक ग्रॅम डाळिंबासाठी, कारण आंबट रसात त्याची पकड सैल होते. प्रत्येक वाटा त्याच्या थराची वेळ आली की निथळून 200 मिली ताज्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा. एकही काडी दिसता कामा नये. मग गाळून घ्या.

खालचा थर: नारळाच्या निम्म्या रसात कॉर्नफ्लोअर आणि 100 ग्रॅम साखर गुठळी न ठेवता कालवा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. मिश्रण चकाकायला लागलं की गाळलेलं चायना ग्रास, रंग आणि वेलची घाला, एक उकळी काढा आणि ट्रेमध्ये ओता. ट्रेला तूप लावू नका. आत फक्त पाण्याचा हात फिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जिलेटिनचे थर देताना खालचा थर फ्रिजमध्ये पक्का करून वर कोमट मिश्रण ओततात. चायना ग्रासला हे उलटं पडतं. खालचा थर पूर्ण गार झाला तर वरचा त्याला धरत नाही, आणि कापताना थर पत्त्यांसारखे सरकतात. वरून बोट लावल्यावर साय धरलेली वाटावी, किंचित चिकट, आणि ट्रे हलवला तर मधे थरथरावं. तेवढ्यात पुढचा थर गरम असतानाच, पळीच्या पाठीवरून हळू सोडायचा. म्हणून पुढच्या थराचं चायना ग्रास आधीच उकळून मंद आचेवर किंवा गरम पाण्यात ठेवा. तरी उशीर झालाच तर काट्याने वर हलकेच ओरखडे काढा, थोडी पकड मिळते.

मधला थर सोपा. उकळत्या चायना ग्रासमध्ये 60 ग्रॅम साखर विरघळवा, आच बंद करा आणि उरलेला नारळाचा रस कोमट करून मिसळा. रसाला उकळी आली की तो फुटतो. मिश्रण किंचित दाट होईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर नारळाचं तेल वर तरंगतं.

डाळिंबाच्या दाण्यांना मिक्सरचे दोन-तीनच झटके द्या. बिया भरडल्या तर रस कडवट होतो. रस फ्रिजमधला गार नको, त्याने चायना ग्रासच्या लगेच गुठळ्या होतात. उरलेली साखर घालून उकळलेलं चायना ग्रास खाली उतरवा, मग कोमट रस आणि मध मिसळून तिसरा थर द्या. तो धरत आला की बदाम-पिस्ते हलके दाबून बसवा.

सण सूर्यास्ताला लागतो, म्हणून सकाळीच करून ठेवा. चार तास फ्रिजमध्ये राहिला की ओल्या सुरीने शंकरपाळ्यांच्या आकारात कापा. दोन दिवस चांगला राहतो, पुढे पाणी सुटतं. फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नका.

चिकाचा थर पेसाखला (ज्यूंच्या वल्हांडण सणाला) मात्र चालणार नाही, कारण त्या दिवसांत भिजवलेला गहू वर्ज्य असतो. तेव्हा तो थर वगळून नारळ आणि डाळिंब असे दोनच द्यावेत.